गणिताचा एक तास गटाने, लिहून, ऑनलाइन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुण्यातल्या महाविद्यालयांत बी.एस्सी.च्या आणि अभियांत्रिकीच्या पहिल्या दोन वर्षांना गणिताचे जे तास असतात, त्यांतला आठवड्याचा एक तास विद्यार्थ्यांनी चार-चारच्या गटांत ऑनलाइन, लेखी चर्चा करत प्रश्न सोडवण्यासाठी राखून ठेवावा, अशी आमची मागणी आहे. हा तास वेळापत्रकात दिसावा आणि प्राध्यापकांच्या कार्यभारात धरला जावा. सत्र सुरू होण्याआधी विभागांच्या बैठका होऊन वेळापत्रके ठरतात, तेव्हाच हे मांडायला हवे. मागणी छोटी आहे. पण ती कशी राबवायची याचे तपशील दिल्याशिवाय तिला अर्थ नाही, म्हणून पत्र थोडे लांबले आहे.

२०२० च्या मार्चनंतर ऑनलाइन गणित म्हणून जे झाले, त्यात फळ्यावरचे शिकवणे पडद्यावर आले. प्राध्यापक लिहीत होते, समोर बंद कॅमेऱ्यांच्या चौकटी होत्या, तासानंतर पीडीएफ जात होती. विद्यार्थ्याने स्वतः सिद्धता लिहायची, ती दुसऱ्याने वाचायची, तिच्यातली फट दाखवायची आणि मग ती पुन्हा लिहायची, हा भाग जवळपास बंदच पडला. परीक्षाही बहुपर्यायी झाल्या. त्यावरून ‘गणित ऑनलाइन होत नाही’ असा ग्रह अनेक विभागांत पक्का झाला. वास्तविक तेव्हा ऑनलाइन गेले ते फक्त समजावून सांगणे. विद्यार्थ्यांनी मिळून गणित करण्याचा प्रयोग फारच थोड्या ठिकाणी झाला.

मिळून केल्याने काय साधते, याचा एक जुना आणि नीट तपासलेला दाखला आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली संकुलात यूरी ट्राइझमन यांनी पहिल्या वर्षाचे कॅल्क्युलस शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे निरीक्षण केले. चांगले गुण मिळवणारे चिनी वंशाचे विद्यार्थी आधी एकेकट्याने अभ्यास करत आणि मग एकत्र बसून एकमेकांची उत्तरे तपासत. कृष्णवर्णीय विद्यार्थीही तास न् तास अभ्यास करत, पण एकेकट्याने, आणि त्यांतले पुष्कळ जण मागे पडत. ट्राइझमन यांनी त्यांच्यासाठी उजळणीचे वर्ग काढले नाहीत. नेहमीपेक्षा अवघड प्रश्न घेऊन गटाने काम करायच्या कार्यशाळा घेतल्या, आणि निकाल ठळकपणे सुधारले. सदाशिव पेठेतल्या, नारायण पेठेतल्या अभ्यासिका पाहाव्यात. शेजारी शेजारी बसून, ‘शांतता पाळा’च्या पाटीखाली, प्रत्येक जण आपापल्या वहीत एकटा असतो. स्पर्धा परीक्षेला ते चालत असेल. रिअल ॲनालिसिस शिकणाऱ्याला ते महागात पडते.

मग वर्गातच गट का करू नयेत? जरूर करावेत. पण ऐंशी जणांच्या वर्गात बाके हलत नाहीत आणि पंचावन्न मिनिटांत जो भरभर बोलतो त्याचेच चालते. शिवाय बोललेले हवेत विरते. लेखी चर्चेत चूक कोणत्या ओळीत झाली, ती कोणाला दिसली, कशी दुरुस्त झाली, हे सगळे समोर राहते. भोर, जुन्नर, मावळातून रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला शेवटच्या तासानंतर थांबता येत नाही, पण रात्री साडेनऊला तो चार ओळी लिहू शकतो. विचार सावकाश करणाऱ्या विद्यार्थ्याला तर हा मोठा आधार आहे. संशोधनाच्या पातळीवरही असे गणित झाले आहे. २००९ च्या सुरुवातीला गणितज्ञ टिमथी गॉवर्स यांनी, आधीच सिद्ध झालेल्या एका प्रमेयाची वेगळ्या वाटेने सिद्धता शोधण्याचा प्रश्न इंटरनेटवर खुला केला आणि अनेक गणितज्ञांनी छोट्या छोट्या टिपण्या लिहीत दोनेक महिन्यांच्या आत त्याची नवी सिद्धता उभी केली. पुढे, ज्यांच्यातले अंतर एका ठरावीक मर्यादेत आहे अशा मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत, या निष्कर्षात यितांग झांग यांनी २०१३ मध्ये दिलेली सात कोटींची मर्यादा अशाच सामूहिक कामातून आणि जेम्स मेनार्ड यांच्या नव्या कल्पनेच्या जोरावर २४६ पर्यंत खाली आली. त्या चर्चांमध्ये अर्धवट कल्पना आणि चुकलेल्या वाटाही तशाच नोंदलेल्या आहेत. विद्यार्थ्यांना हे मुद्दाम सांगावे, कारण पाठ्यपुस्तकात त्यांना फक्त पुसून-पुसून स्वच्छ केलेली सिद्धता दिसते.

आता प्रत्यक्ष रचना. गट चौघांचा असावा. तिघांच्या गटात एक जण गैरहजर राहिला की संवादच उरतो, चर्चा होत नाही. सहांच्या गटात दोघे नुसते बघे होतात. गट प्राध्यापकांनी करावेत आणि सहा आठवडे बदलू नयेत. त्याहून लवकर बदलले तर एकमेकांची चूक दाखवण्याइतका मोकळेपणा येत नाही. एका गटात एकच मुलगी, किंवा मराठी माध्यमातून आलेला एकच विद्यार्थी, असे होऊ देऊ नये. तो किंवा ती गप्प होते आणि बाकीच्यांच्या ते लक्षातही येत नाही. दर आठवड्याला चार कामे फिरती ठेवावीत: एकाने उत्तर लिहायचे, दुसऱ्याने प्रत्येक ओळीला ‘हे कशावरून?’ विचारायचे, तिसऱ्याने उदाहरणे आणि प्रतिउदाहरणे शोधायची, चौथ्याने व्याख्या आणि प्रमेयांच्या अटी तपासायच्या. शेवटचे काम सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयोगाचे. ‘सतत आहे’ हे न पाहताच मध्यवर्ती मूल्याचे प्रमेय वापरणे ही नित्याची चूक तिथेच पकडली जाते.

सोमवारी प्रश्न द्यावा. मंगळवारी रात्रीपर्यंत प्रत्येकाने स्वतःचा प्रयत्न टाकावा. बुधवारी वेळापत्रकातला तास, म्हणजे सगळे गट एकाच वेळी ऑनलाइन. शुक्रवारी रात्री गटाचे एकच लेखी उत्तर. पुढच्या सोमवारी वर्गात पंधरा मिनिटे फळ्यावर. पुण्यात अनेक भागांत गुरुवारी महावितरणची देखभालीची कामे निघतात, म्हणून कोणतीही मुदत गुरुवारी ठेवू नये.

मंगळवारच्या स्वतंत्र प्रयत्नावर आमचा सर्वाधिक भर आहे. तो वगळला तर गटातला हुशार विद्यार्थी पहिल्या दहा मिनिटांत उत्तर टाकतो आणि उरलेले तिघे पसंतीचा अंगठा टाकून मोकळे होतात. मूडल ही ऑनलाइन अध्यापनाची प्रणाली वापरणाऱ्या महाविद्यालयांना यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. त्यात प्रश्नोत्तर प्रकारचा चर्चामंच आहे. स्वतः लिहिल्याशिवाय इतरांचे लिखाण उघडत नाही, आणि लिहिल्यावरही संपादनाची मुदत (मूळ मांडणीत ३० मिनिटे) संपेपर्यंत थांबावे लागते. गूगल क्लासरूममध्ये ‘प्रश्न’ या प्रकारातही, उत्तर दिल्यावरच सहाध्यायींची उत्तरे दिसतील अशी सोय आहे. नुसता टिंब टाकून इतरांचे उघडण्याची युक्ती मुले लगेच शोधतात. त्यावर उपाय सोपा: ‘मी ओळ ३ पर्यंत आलो, पुढे मला हे कळत नाही’ एवढे लिहिले तरी प्रयत्न पूर्ण धरायचा, टिंब धरायचा नाही. कुठे अडलो हे नेमके लिहिता येणे हीसुद्धा गणितातली प्रगतीच आहे.

सगळा डोलारा उभा राहतो तो प्रश्नावर. दहा इंटिग्रल्स दिली की गट ती वाटून घेतो: तू तीन, मी तीन, ते दोघे दोन-दोन. प्रत्येक जण एकटाच काम करतो आणि शेवटी पाने जोडली जातात. वाटून घेता येणारा प्रश्न गटाला देऊ नये.

चांगला प्रश्न कसा असतो, ते पाहू. क्ष जेव्हा २ कडे जातो तेव्हा क्ष-वर्गाचे लिमिट ४ आहे, हे एप्सिलॉन-डेल्टा व्याख्येने सिद्ध करायचे. म्हणजे दिलेल्या प्रत्येक एप्सिलॉनसाठी असा डेल्टा शोधायचा, की क्ष २ पासून डेल्टापेक्षा कमी अंतरावर असला की क्ष-वर्ग ४ पासून एप्सिलॉनपेक्षा कमी अंतरावर राहतो. क्ष-वर्ग वजा ४ म्हणजे (क्ष − २) गुणिले (क्ष + २). निम्मा वर्ग इथे डेल्टा म्हणून एप्सिलॉन भागिले |क्ष + २| लिहितो. ही चूक आकडेमोडीची नाही. डेल्टा आधी ठरवायचा असतो आणि क्ष नंतर येतो. त्यामुळे डेल्टा क्षवर अवलंबून असूच शकत नाही. हे फळ्यावर पाच वेळा सांगूनही उतरत नाही. गटात मात्र असे करता येते: चौघांना क्षचे २ पासूनचे अंतर सुरुवातीला वेगवेगळे मर्यादित ठेवायला सांगावे. एकाने १ पेक्षा कमी, दुसऱ्याने अर्ध्यापेक्षा कमी, तिसऱ्याने २ पेक्षा, चौथ्याने ३ पेक्षा कमी. मग |क्ष + २| अनुक्रमे ५, साडेचार, ६ आणि ७ पेक्षा लहान राहते. एप्सिलॉन १ घेतला तर चौघांचे डेल्टा येतात १/५, २/९, १/६ आणि १/७. चार उत्तरे समोर येताच गटात वाद सुरू होतो: बरोबर कोणाचे? चौघांचेही बरोबर, हे त्यांचे त्यांनाच शोधू द्यावे. त्यानंतर विचारावे, की एप्सिलॉन १ असताना सर्वांत मोठा चालणारा डेल्टा कोणता? तो ५ चे वर्गमूळ वजा २, म्हणजे सुमारे ०.२३६. चौघांचे डेल्टा त्याच्या आतच आहेत, हे जिओजेब्रा या आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्लायडर सरकवून डोळ्यांनी पाहता येते. एवढ्या एका प्रश्नातून ‘असा एक डेल्टा अस्तित्वात आहे’ या शब्दांचा अर्थ जितका पोहोचतो, तितका दहा सोडवलेल्या उदाहरणांतून पोहोचत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे चुकीची सिद्धता देऊन चूक शोधायला लावणे. ‘सममित आणि संक्रामक संबंध स्वसंबंधी असतोच, कारण अ चा ब शी संबंध असेल तर ब चा अ शी असतो, म्हणून अ चा अ शी असतो.’ पहिल्या वर्षाचे बहुतेक गट आधी हे मान्य करतात. प्रतिउदाहरण शोधणाऱ्याने १, २, ३ हा संच घेतला आणि १ व २ यांनाच आपापसांत आणि स्वतःशी जोडले, ३ ला कशाशीच नाही, की सिद्धता कोसळते. चूक मात्र तरीही लगेच सापडत नाही: ‘अ चा ब शी संबंध असेल तर’ या शब्दांत असा ब आहे हे गृहीत धरले आहे. त्या एका ‘तर’वर चर्चा अर्धा तास चालू शकते, आणि चालू द्यावी.

ग्रुप थिअरीत, लाग्रांज प्रमेयाचा (उपगणाची घटकसंख्या गणाच्या घटकसंख्येला भागते) व्यत्यास खरा आहे का, हा प्रश्न चांगला चालतो. ए-फोर या, चार वस्तूंच्या सम क्रमपर्यायांच्या १२ घटकांच्या गणात ६ घटकांचा उपगण नाही. निर्देशांक २ असलेला उपगण नॉर्मल असतो, म्हणून प्रत्येक घटकाचा वर्ग त्यात येतो; ए-फोरमधले आठही त्रि-चक्र कोणाचे तरी वर्ग आहेत; आठ घटक सहांत मावत नाहीत. एवढीशी सिद्धता, पण तिचे तीन टप्पे तिघांना तीन ठिकाणी सुचतात आणि जोडणी गटालाच करावी लागते. अभियांत्रिकीला दुहेरी इंटिग्रलमध्ये क्रम बदलण्याचे प्रश्न घ्यावेत. क्षेत्राची आकृती न काढता नुसत्या सीमा उलट्या लिहिण्याची चूक चौघांच्या चार आकृत्या शेजारी ठेवल्या की तत्काळ दिसते.

लिहायचे कसे, हा व्यवहारातला मोठा अडथळा. गणिताची चिन्हे टाइप करण्याची लाटेक ही प्रणाली शिकवली पाहिजे, पण पहिल्याच आठवड्यात तिची सक्ती केली तर सगळी शक्ती कंस जुळवण्यात जाते. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात लाटेक आणि जिओजेब्रावरचे धडे मोफत आहेत. ते दुसऱ्या सत्रासाठी ठेवावेत. पहिल्या सत्रात वही आणि फोन पुरेसा. कोरा कागद, निळे किंवा काळे पेन (पेन्सिल फोटोत उमटत नाही), एका पानावर एकच प्रश्न, आणि प्रत्येक ओळीला क्रमांक. हा क्रमांक फार महत्त्वाचा आहे. ‘तुझे चुकले आहे’ आणि ‘तुझी ओळ ६ ही ओळ ५ वरून कशी आली?’ यांतला फरक त्यानेच पडतो. टाइप करून लिहायचेच तर कंसांची शिस्त हवी. १/२क्ष म्हणजे क्षचा अर्धा की २क्ष छेदात, यावरून गटाची वीस मिनिटे वाया जातात.

व्हॉट्सॲपवर हे काम करू नये. तिथे सोमवारचा प्रश्न बुधवारपर्यंत शुभेच्छांच्या आणि सूचनांच्या खाली गाडला जातो, आणि कोणी काय लिहिले हे सत्राच्या शेवटी प्राध्यापकांना सापडत नाही. निरोपापुरते ते ठीक. बुधवारच्या तासाला गूगल मीटच्या मोफत खात्यावर गटाला ६० मिनिटे मिळतात, झूमवर ४०. म्हणून तास मीटवर बसतो. सामायिक फळ्यासाठी एकाच कंपनीच्या साधनावर सगळे लिखाण ठेवू नये. गूगलचा जॅमबोर्ड २०२४ च्या अखेरीस बंद झाला. दर शुक्रवारचे उत्तर पीडीएफ करून महाविद्यालयाच्या संगणकावर उतरवून ठेवावे. ज्यांच्या गावात रेंज कमी आहे त्यांना व्हिडिओ बंद ठेवायची पूर्ण मुभा असावी. दाबून छोटा केलेला फोटो आणि चार ओळींचा मजकूर टू-जीवरही जातो. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही त्यांच्यासाठी बुधवारच्या तासाला महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा उघडी हवी. हे जमणार नसेल तर हा उपक्रम सुरूच करू नये.

भाषेबद्दल आमचे मत ठाम आहे. चर्चा मराठीत, मिश्र भाषेत, कशीही होऊ द्यावी. शुक्रवारचे उत्तर परीक्षेच्या भाषेत असावे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजीत ‘का?’ विचारायची भीती वाटते आणि गणितात तो नेमका त्याच प्रश्नावर अडलेला असतो.

बिघडते कुठे, हेही सांगायला हवे. चौघेही एकमताने चुकतात, हे बरेचदा होते, आणि एकमतामुळे चूक अधिकच पक्की होते. म्हणून प्राध्यापकांनी दर गटाच्या चर्चेवर २४ तासांच्या आत एकदा तरी नजर टाकावी, पण उत्तर सांगू नये. ‘क्ष उणे असेल तर ओळ ४ टिकते का?’ एवढे लिहून थांबावे. उत्तर सांगितले की त्या गटातली चर्चा तिथेच संपते आणि पुढच्या आठवड्यापासून गट प्राध्यापकांची वाट पाहत बसतो. दुसरा बिघाड संभाषण करणाऱ्या एआय साधनांचा. संपूर्ण सिद्धता आता फुकट आणि क्षणात मिळते. बंदी घालून ते थांबत नाही. त्यावर उपाय सोमवारच्या पंधरा मिनिटांत आहे: गटातला कोणता विद्यार्थी फळ्यावर येणार हे चिठ्ठी टाकून ठरवावे, उत्तरातली एक ओळ दाखवून ‘ही का?’ एवढेच विचारावे, आणि त्याचे गुण चौघांनाही द्यावेत. मग उतरवून आणलेले उत्तर निदान एकमेकांना समजावून सांगावे लागते.

गुणांबाबत सूचना अशी. दोन क्रेडिटच्या विषयाला ५० पैकी १५ गुण अंतर्गत असतात. त्यांतले ५ यासाठी द्यावेत: स्वतःच्या प्रयत्नाला २, दुसऱ्याच्या लिखाणावर केलेल्या नेमक्या टिपणीला २, फळ्यावरच्या स्पष्टीकरणाला १. अंतिम उत्तर बरोबर आहे का, याला वेगळे गुण नकोत. ते दिले की सगळे पुन्हा उत्तराच्या मागे लागतात. टिपण्या मोजू नयेत, वाचाव्यात. ‘छान’, ‘बरोबर’ अशा टिपण्यांना काही नाही.

आणि वाचायला वेळ लागतो. ऐंशी विद्यार्थी म्हणजे वीस गट. एका गटाचे आठवड्याचे लिखाण वाचायला दहा मिनिटे धरली तरी २०० मिनिटे, म्हणजे तीन तास वीस मिनिटे. बुधवारच्या ६० मिनिटांत प्रत्येकी सहा मिनिटे देऊन दहाच गटांत जाता येते. उरलेले दहा पुढच्या आठवड्यात. हा हिशेब न करता ‘ऑनलाइन उपक्रम राबवा’ असे परिपत्रक निघाले, तर पंधरा दिवसांत फक्त अहवालासाठी स्क्रीनशॉट उरतील.

म्हणून मागण्या नेमक्या आहेत. विद्यापीठाच्या गणित अभ्यास मंडळाने पहिल्या वर्षाच्या एका विषयापासून, शक्यतो कॅल्क्युलसपासून, सुरुवात करावी. बारा आठवड्यांचे बारा प्रश्न, प्रत्येकाबरोबर अपेक्षित चुका आणि प्राध्यापकांनी विचारायचे दोन-तीन प्रश्न, असा संच तयार करावा. एरंडवण्यातल्या भास्कराचार्य प्रतिष्ठान या गणितसंस्थेची आणि पाषाणच्या आयसर या विज्ञानसंस्थेची मदत यासाठी मागावी. असे प्रश्न घडवू शकणारी माणसे याच शहरात आहेत. महाविद्यालयांनी नवे सॉफ्टवेअर विकत घेऊ नये. मूडल आणि जिओजेब्रा विनामूल्य आहेत. गटांचे लिखाण वाचण्याचे तास कार्यभारात निम्मे तरी धरावेत. पुण्यातल्या अनेक विभागांत गणिताचे तास तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक घेतात आणि त्यांना फक्त वर्गात उभे राहिलेल्या तासाचे मानधन मिळते. बुधवारचा तास आणि वाचनाचे तास त्यांच्या मानधनाच्या बिलात लिहिता येतील, असा स्पष्ट आदेश सत्र सुरू होण्याआधी निघावा.

आपले,
पुण्यातील महाविद्यालयांत गणित शिकवणारे काही प्राध्यापक